रात्री कोणाला काय दिसलं?

रात्रीच्या गुन्ह्याचा खटला उभा राहिला की अंधाराचं माप हेच भांडणाचं मूळ होतं. साक्षीदाराने मारेकऱ्याचा चेहरा ओळखला असं सिद्ध करायचं असतं, तेव्हा सरकारी पक्ष उजेड होता असं मांडतो. बचाव पक्ष म्हणतो, काळोख होता. पण त्याच आरोपीने मयताच्या हातात कोयता पाहिला आणि जीव वाचवण्यासाठी वार केला, असं सांगायची वेळ आली की बचाव पक्षालाही उजेड लागतो. जागा तीच, वेळ तीच आणि माणसं तीच असतात. मग त्या रात्री नेमका उजेड किती होता, हे कोणी मोजलेलं असतं का?

हा वाद मी दोन वकिलांमध्ये ऐकला आहे. एक निवृत्त सरकारी वकील, ज्यांचा उभा जन्म जिल्हा न्यायालयात गेला. दुसरी त्यांची सख्खी भाची, सत्र न्यायालयात आरोपींची बाजू मांडणारी. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि कायद्याच्या प्रश्नावर दोघंही माघार घेत नाहीत. त्यांचं बोलणं मी माझ्या शब्दांत मांडतो आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मधे बोललो आहे.

भाची : मामा, साक्षीदार ‘चांदण्यात पाहिलं’ म्हणतो आणि तुम्ही लोक ते तसंच लिहून घेता. अब्राहम लिंकनने वकील असताना काय केलं ते आठवा. १८५७ च्या ऑगस्टची २९ तारीख, अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. रात्री अकराच्या सुमाराला मारामारीत मेट्झकर नावाच्या माणसाला जबर मार बसला आणि तो पुढे मेला. आरोपी डफ आर्मस्ट्राँग, लिंकनच्या जुन्या मित्राचा मुलगा. मुख्य साक्षीदार होता चार्ल्स ॲलन. तो म्हणाला, मी दीडशे फुटांवरून पाहिलं, चंद्र चांगला वर होता. ७ मे १८५८ ला बियर्ड्सटाउनच्या न्यायालयात लिंकनने पंचांग काढून दाखवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला आलेला होता. आर्मस्ट्राँग सुटला.

मामा : ही गोष्ट तुम्हा बचाववाल्यांची पहिलीच पोथी. पण तू कधी तिथी काढून पाहिलीस का? मी पाहिली. ती रात्र आपल्या हिशोबाने शुक्ल दशमीच्या आसपासची येते. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो, पुढे रोज साधारण दोन घटका उशीर. म्हणजे दशमीचा चंद्र दीडच्या पुढेच मावळायला हवा. मग अकरा वाजता तो मावळतीला कसा? लिंकनने दुसऱ्याच वर्षाचं पंचांग दाखवलं, अशी कुजबुज तिथे कित्येक वर्षं होती. मला ती कुजबुज अगदीच पोकळ वाटत नाही.

भाची : तुमचा हिशोब बरोबर आहे आणि तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. टेक्सासमधल्या ओल्सन आणि डोशर या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये त्या रात्रीचा चंद्र पुन्हा मोजला. त्या जागी चंद्र मावळला १२ वाजून ३ मिनिटांनी. कारण असं की चंद्राचा आकाशातला रस्ता दरवर्षी थोडा सरकतो, साडेअठरा वर्षांच्या आवर्तनात. त्या वर्षी तो दक्षिणेकडे फार खाली उतरला होता. आणि इलिनॉय आपल्यापेक्षा खूप उत्तरेला, जवळजवळ चाळीस अक्षांशांवर. तिथे दक्षिणेकडचा चंद्र क्षितिजावर थोडाच वेळ राहतो. लिंकनचं पंचांग खरंच होतं.

मामा : म्हणजे नुसत्या तिथीवर भागत नाही.

भाची : नाही. त्या गावाचा, त्या तारखेचा चंद्रोदय आणि चंद्रास्त पाहावा लागतो. आणि तोही सपाट माळासाठी खरा. जावळीच्या खोऱ्यात पश्चिमेला डोंगर असेल तर पंचांगातल्या वेळेच्या कितीतरी आधी चंद्र डोंगराआड जातो. ऐन आषाढात ढग किती होते, आंब्याच्या झाडाखाली किती उजेड झिरपत होता, हे कुठलं पंचांग सांगणार?

इथे मामा गप्प बसले असं वाचकाला वाटेल, पण त्यांच्याकडे मोठं शस्त्र होतं. खेड्यातल्या माणसाची नजर.

मामा : तू शहरात वाढलीस. नळीच्या दिव्याखाली अभ्यास केलास. खेड्यातला माणूस चिमणीच्या उजेडात जेवतो, चांदण्यात दारं धरायला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बिहारच्या कालिका तिवारी खटल्यात हेच सांगितलं. शहरी माणसाच्या नजरेचं माप कंदिलाची सवय असलेल्या गावकऱ्याला लावू नका. नथुनी यादव खटल्यातही तेच. चंद्र नव्हता असं धरलं तरी मारेकरी किती जवळ होते ते पाहा, गच्चीला छप्पर नव्हतं, ताऱ्यांचा उजेड होता, आणि मारेकरी ओळखीचे होते. हे सगळं धरून न्यायालयाने साक्ष मान्य केली. माझ्या मते तो न्याय होता. नाहीतर खेड्यात रात्री खून करणारा प्रत्येक जण ‘वीज गेली होती’ एवढ्यावर सुटेल.

भाची : नथुनी यादवचा निकाल मलाही पटतो, कारण तिथे अंतर आणि ओळख या दोन्ही गोष्टी तपासल्या. पण सवयीचा मुद्दा डोळ्याच्या रचनेशी जुळत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू पेशी साधारण साठ लाख, त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड लागतो. दंड पेशी जवळपास बारा कोटी, त्या अंधुक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंगही कळत नाहीत आणि बारकावेही नाहीत. ही रचना नागपूरच्या माणसाची आणि नवेगावच्या माणसाची सारखीच. पडद्याच्या अगदी मधे, जिथे आपण टक लावून पाहतो, तिथे तर दंड पेशी नसतातच. म्हणून काळोखात एखाद्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं तर ते नीट दिसत नाही, थोडं बाजूला पाहिलं तर आकार कळतो. आकार कळणं म्हणजे चेहरा कळणं नव्हे.

मामा : मग सवय काहीच नाही?

भाची : आहे, पण वेगळ्या जागी. गावकऱ्याला अंधारात कसं पाहायचं हे ठाऊक असतं, वाट ठाऊक असते, माणसं ठाऊक असतात. आणि तो आधीपासून अंधारात असतो. उजेडातून बाहेर आलेल्या डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. अंगणात बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्याला जे दिसेल, ते टीव्ही बंद करून दारात आलेल्या त्याच्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत दिसणार नाही. घर एकच, गाव एकच.

मामा : पण मग तुझं माप काय? किती उजेड पुरे?

भाची : नेदरलँड्सचे वाखेनार आणि त्यांच्या सहकारी व्हान डेर स्क्रियर यांनी १९९६ मध्ये प्रयोगांवरून न्यायालयांसाठी एक ढोबळ नियम काढला. अनोळखी चेहऱ्याची ओळख विश्वासार्ह धरायची तर अंतर पंधरा मीटरच्या आत हवं आणि उजेड किमान पंधरा लक्स हवा; लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. आता हिशोब करा. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं ढोबळमानाने पाव लक्स. म्हणजे पंधरा लक्स त्याच्या साठपट. मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स, दहा मीटरवर त्याचा शंभरावा हिस्सा. मग ‘कंदिलाच्या उजेडात तीस फुटांवरून अनोळखी माणूस ओळखला’ ही साक्ष ऐकताना मला थांबावंसं वाटतं. आणि चांदण्यात ‘लाल सदरा’ पाहिला असं कोणी सांगितलं तर जास्तच. अंधुक प्रकाशात लाल रंग काळा दिसतो. पर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ते नोंदवलं आहे.

मामा : अनोळखी, अनोळखी! आपल्याकडचे पुष्कळ खून भावकीतले. चुलत्याला ओळखायला लक्स लागतात? चालीवरून कळतं, खाकरण्यावरून कळतं.

भाची : कळतं. मी ते नाकारतच नाही. पण मग साक्षीदाराने तसंच सांगावं. ‘चेहरा दिसला नाही, पण आवाज त्याचाच होता, आणि उजवा पाय ओढत चालणारा आमच्या वस्तीत तो एकटाच.’ असा साक्षीदार उलटतपासणीत मला मोडता येणार नाही. पण जबाब लिहिताना पोलीस ठाण्यात त्याचं ‘मी आरोपीस स्पष्टपणे पाहिले व ओळखले’ असं होतं. खरा माणूस त्या एका वाक्याने खोटा ठरतो.

मला या साऱ्या संवादातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. दोघंही खऱ्या साक्षीदाराच्या बाजूनेच बोलत होते. त्याला आवाज ऐकू आला होता, उंची कळली होती, पळण्याची दिशा कळली होती. एवढ्यावर दोष सिद्ध होऊ शकतो. त्याच्या तोंडी चेहरा घालायची गरज नसते, आणि घातला की त्याचं खरं ऐकणंही वाया जातं.

पण वादाची दुसरी बाजू अजून बाकी होती. साक्षीदाराला काय दिसलं हे एवढं तपासायचं, तर आरोपीला काय दिसलं हे कोण तपासणार? मामांनी इथे ओरिसाचा खटला काढला. हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात.

मामा : बालासोरकडचं रासगोविंदपूर, साल १९५८. युद्धाच्या काळातला विमानतळ ओसाड पडलेला. तिथलं भंगार विकत घ्यायला कलकत्त्याचा व्यापारी आला, सोबत त्याचा नेपाळी नोकर. त्या माळावर भुतं आहेत अशी गावात बोलवा. एका रात्री एका आदिवासी माणसाला एकट्याने घरी जायची भीती वाटली म्हणून हा व्यापारी, त्याचा नोकर आणि चहाच्या टपरीचा मालक त्याला पोचवायला गेले. परतताना वाटेपासून चारशे हातांवर एक दिवा हलताना दिसला. वारा सुटलेला. दिव्याभोवती काही आकृत्या फिरताहेत असं सगळ्यांनाच वाटलं. नोकर खुकरी उपसून धावला आणि समोर येईल त्यावर वार करत सुटला. त्या होत्या मोहाची फुलं वेचायला कंदील घेऊन आलेल्या आदिवासी बायका. एक मेली, दोघी गंभीर जखमी झाल्या. टपरीवालाही त्याच्या वारात सापडला. आणि तो नोकर सुटला! सत्र न्यायालयानेही सोडला, उच्च न्यायालयानेही.

भाची : कायद्याने सुटला. जुन्या दंडसंहितेचं कलम ७९, आताच्या न्याय संहितेचं १७. वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजामुळे, सद्भावनेने, आपण करतोय ते कायद्याला धरून आहे असं वाटून केलेलं कृत्य गुन्हा नाही. त्याला खरोखर वाटलं की समोर माणसं नाहीत. तो एकटाच तसं समजला असता तर मीही शंका घेतली असती. पण बरोबरचे व्यापारी आणि टपरीवाला यांनाही तेच वाटलं, तेही धावले. यावरून समज प्रामाणिक होता हे दिसतं.

मामा : प्रामाणिक असेल. पण कायदा सद्भावना म्हणतो तेव्हा योग्य ती काळजीही मागतो. चारशे हातांवरून त्याला भूत दिसलं, मान्य. एका हातावरून काय दिसलं? तू मघाशी मला लक्स शिकवलेस. त्या बायकांच्या हातात कंदील होता, बाळ. त्या जागी उजेड होता. वार करताना तोंडं उजळलेली होती. मग साक्षीदारासाठी तू जी फूटपट्टी काढलीस ती इथे का ठेवून देतेस?

भाची काही क्षण बोलली नाही. मग तिने दिलेलं उत्तर मला पूर्ण पटलं नाही, पण ते ऐकण्यासारखं आहे.

भाची : कारण तो डोळे उघडे ठेवून ज्योतीकडे धावत होता. काळोखात एकच दिवा बघत राहिलं तर स्थिर दिवाही हलल्यासारखा वाटतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे, आणि इथे तर वाऱ्याने तो खरंच हलत होता. ज्योतीकडे पाहून डोळ्यांची काळोखाची सवय मोडते. ज्योतीच्या अलीकडे उभं असलेलं माणूस नुसतं काळं दिसतं, कारण उजेड त्याच्या पाठीमागे असतो. भीतीने भरलेल्या मेंदूने उरलेली जागा भरून काढली. एका हातावर आला तेव्हा तो थांबण्याच्या पलीकडे गेला होता.

मामा : आणि त्या बाईचं काय? तिला तर काहीच दिसलं नाही. कंदील धरणाऱ्याभोवती उजेडाचं रिंगण असतं, बाहेरचं सगळं काळं. अंधारातून धावत येणारा तिला दिसणं शक्यच नव्हतं. तो तिला चारशे हातांवरून पाहू शकत होता. मग काळजी घ्यायची कोणी, ज्याला दिसत होतं त्याने की जिला दिसत नव्हतं तिने?

मामांचा हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. न्यायालयाने त्या माणसाची परिस्थिती, त्याचं शिक्षण, त्या जागेची भीती हे धरून निकाल दिला आणि त्या काळाच्या कायद्यात तो बसतो. पण ज्याने एक हाक मारली असती तर एक जीव वाचला असता, त्याच्याकडून काळजीची अपेक्षा ठेवणं मला जास्त न्याय्य वाटतं. मोहाच्या झाडाखाली कामाला आलेल्या बाईला भूत समजणं ही फक्त डोळ्याची चूक नव्हती. पाटणा उच्च न्यायालयासमोर १९४०च्या दशकात असाच खटला आला होता. मध्यरात्री नाचणारी आकृती दुष्ट आत्मा समजून एकीने कुऱ्हाड मारली. ती निघाली जाऊबाई. मारणारी सुटली. अशा अंधारात मरणारं माणूस बहुतेकदा दुबळं असतं, आणि पुष्कळदा बाई असते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यानंतर भुताच्या समजाला ‘योग्य काळजी’ म्हणणं अधिक अवघड व्हावं, असं माझं मत आहे.

भाची : म्हणजे मामा, तुमच्या मते आरोपीला अंधाराचा फायदा कधीच नको?

मामा : हवा, पण त्याने तो दाखवून द्यावा. अपवादाचा भार आरोपीवर असतो, जुन्या पुरावा कायद्याचं १०५, आता साक्ष्य अधिनियमाचं १०८.

भाची : भार आहे, पण हलका. तुम्हाला संशयापलीकडे सिद्ध करायचं असतं, आरोपीला फक्त शक्यतेचं पारडं झुकवायचं असतं. म्हणून एकाच अंधाराला दोन मापं लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत.

मामा : पुराव्याचं वजन दोन प्रकारचं असेल. उजेड एकच.

भाची : उजेडही एक नसतो, मामा. तुम्हीच मघाशी दाखवलंत. कंदीलवालीला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला कंदीलवाली दिसते. ज्याच्या तोंडावर बॅटरी मारली त्याला काही दिसत नाही, मारणाऱ्याला सगळं दिसतं. खांबावरच्या दिव्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस समोरच्याचा चेहरा पाहू शकतो, आणि समोरच्याला त्याची फक्त काळी आकृती दिसते. साक्षीदाराला दिसलं आणि आरोपीला दिसलं नाही, हे एकाच जागी, एकाच मिनिटाला खरं असू शकतं.

मामा : असू शकतं. पण का, ते प्रत्येकाबद्दल वेगळं सांगावं लागेल. कोण कुठे उभा, दिवा कोणत्या बाजूला, कोण उजेडातून आला, कोणाचं वय किती, चष्मा होता का. ते न सांगता ‘अंधार होता’ एवढंच म्हणणारा आरोपी आणि ‘चांदणं होतं’ एवढंच म्हणणारा साक्षीदार, दोघांनाही मी मानणार नाही.

भाची : हे मला मान्य आहे.

दोघांचं एकमत झालं ते इथे. आणि मग दोघांनीही एकाच गोष्टीवर बोट ठेवलं, जी माझ्याही मनात होती. हे सगळं ठरवायचं कशावरून? घटनास्थळाचा पंचनामा बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर होतो. त्यात रक्ताचे डाग, चपला, अंतरं येतात. ‘पूर्वेस सिमेंटचा खांब’ येतो. त्या खांबावरचा दिवा त्या रात्री चालू होता का, हे बऱ्याचदा येत नाही. दोन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा पिवळ्या दिव्याच्या जागी पांढरा एलईडी आलेला असतो, झाड तोडलेलं असतं, आणि वकील अंदाजाने भांडतात.

करायचं ते अवघड नाही. घटनेच्या वेळेला, शक्य तितक्या जवळच्या तिथीला, तपास अधिकाऱ्याने पंचांना घेऊन रात्रीच त्या जागी जावं. एका पंचाने साक्षीदाराच्या जागी, दुसऱ्याने आरोपीच्या जागी उभं राहावं आणि प्रत्येकाला काय दिसतं ते वेगवेगळं लिहावं. वीज होती का, याची नोंद उपकेंद्राच्या लॉगबुकातून घ्यावी. चंद्राची वेळ त्या गावासाठी काढावी. लक्स मोजायचं यंत्र फार महाग नसतं. मोबाइलने फोटो काढले तर ते पुरावा म्हणून दाखवताना जपावं, कारण आजचे कॅमेरे रात्रीचा उजेड साठवून चित्र उजळतात आणि डोळ्याला न दिसलेलंही दाखवतात. जबाब लिहिताना साक्षीदाराला विचारावं, कशावरून ओळखलंत? आणि तो ‘आवाजावरून’ म्हणाला तर आवाजच लिहावा.

हे नियम व्हायला वेळ लागेल. पण पंच म्हणून उद्या तुम्हालाच बोलावलं जाऊ शकतं. गावचा पोलीस पाटील निरोप घेऊन येईल, आणि सकाळी दहा वाजता जागा पाहून सही करायला सांगितलं जाईल. त्या वेळी सांगा, गुन्हा रात्री अकराला झाला आहे, आम्हाला अकरालाच घेऊन चला, आणि आम्हाला काय दिसलं नाही तेही लिहून घ्या.